अचूकता, परिशुद्धता आणि विभेदन

मोजमापातल्या तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांना बोलताना सगळे सरसकट 'अॅक्युरसी'च म्हणतात. रीडिंग खऱ्या मापाच्या किती जवळ आलं ती अचूकता, तेच माप परत परत घेतल्यावर रीडिंगं एकमेकांच्या किती जवळ पडली ती परिशुद्धता, आणि उपकरण दाखवू शकेल असा सगळ्यात बारीक फरक म्हणजे विभेदन. वर्कशॉपात त्याला लीस्ट काउंट म्हणतात.

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा रबाळे-महापे पट्ट्यात कुठल्याही लेथच्या शेडमधे हे बघायला मिळतं. २५ मिमीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा) डिजिटल व्हर्नियरमधे, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मापकात धरला आणि २५.०४, २५.०४, २५.०३, २५.०४ आलं तर परिशुद्धता चांगली पण अचूकता गेली, बहुतेकदा जबड्यात बारीक कीस अडकलेला असतो नाहीतर झिरो नीट मारलेला नसतो. डिस्प्ले ०.०१ दाखवतो म्हणून माप ०.०१ पर्यंत बरोबर हा समज फार पक्का, पण १५० मिमीच्या साध्या डिजिटल व्हर्नियरची चूक ०.०२-०.०३ मिमी धरूनच चालतात.

शब्दांचा घोळ मात्र तज्ज्ञांनीच घातलाय. पूर्वी अचूकता म्हणजे सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ, एवढंच बरेच जण धरायचे. १९९४ च्या आयएसओ ५७२५ या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याला ट्रूनेस हे वेगळं नाव दिलं आणि ट्रूनेस अधिक परिशुद्धता मिळून अचूकता, असं ठरवलं. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाची (व्हीआयएम) २००८ मधली तिसरी आवृत्ती तर म्हणते की अचूकतेला आकडा द्यायचाच नाही, द्यायचा तर अनिश्चिततेचा, म्हणजे खरं माप कोणत्या पट्ट्यात असू शकेल त्याचा द्या. तरी कॅटलॉगमधे 'अॅक्युरसी ±०.०२' छापलेलं असतंच. शेडमधल्या कामाला आयएसओची फोड जास्त सोयीची वाटते, कारण झिरो एरर (जबडे मिटल्यावर शून्याऐवजी दिसणारा आकडा) कळला की वजा करता येतो, विखुरलेली रीडिंगं कशातून वजा करणार?

विभेदन वाढवायची सरकत्या पट्टीची युक्ती प्येर व्हर्निये यांनी १६३१ मधे मांडली. पोर्तुगालच्या पेद्रु नुनिश यांची त्याआधीची, १५४२ ची रचना वेगळी होती, तिच्यात एकाखाली एक बरेच कंस आखलेले असायचे. काही भाषांत व्हर्नियरला अजून 'नोनियस' म्हणतात ते त्यांच्यावरूनच, पण सरकती पट्टी व्हर्निये यांचीच मानणं योग्य दिसतं.

लांबीच्या मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात शेड ३५ वर गेली की १०० मिमीचा पोलादी जॉब (घडवायचा भाग) साधारण १७ मायक्रॉन, म्हणजे ०.०१७ मिमी वाढतो, पण व्हर्नियरही पोलादाचाच आणि तितकाच तापलेला असल्याने फरक बराचसा कटतो. अॅल्युमिनियमच्या जॉबला ही सवलत नाही, तो जवळपास दुप्पट फुगतो.