तांब्याच्या चौकोनाची कड

गेल्या महिन्यात सोसायटीतले एक काका बंद पडलेला गाडीचा जीपीएस ट्रॅकर घेऊन आले. "उघडून बघितला, आत अँटेनाच नाही. चक्क फसवलंय," असं त्यांचं म्हणणं. मी बघितलं तर आत सगळं जागच्या जागी होतं. बॅटरी, सिमकार्ड, चिप आणि एका बाजूला फरशीच्या कपच्यासारखा पिवळट चौकोन. २५ मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. वरून चांदीचा मुलामा आणि मध्यापासून किंचित सरकलेला मसुरीएवढा सोल्डरचा ठिपका. काका म्हणाले, "हा कसला दगड आहे कोण जाणे." तो दगडच अँटेना होता.

अँटेना म्हटलं की आमच्या पिढीला आठवते ती गच्चीवरची माशाच्या काट्यासारखी काडी, आणि खालून येणारी हाक, "आलं आलं, आता हलवू नकोस!" त्यामुळे बाहेर काही लटकत नसेल तर अँटेना नाही, हा समज पक्का झाला आहे. त्याला उत्तर म्हणून ही सपाट अँटेनाची गोष्ट.

साहित्य साधं आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात तो हिरवट फायबरचा बोर्ड, एफआर-४ म्हणतात तो, दोन्ही बाजूंनी तांबं चढवलेला, १.६ मिलिमीटर जाड. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. खालचं तांबं तसंच ठेवायचं, ते ग्राउंड. वरचं तांबं नको तिथे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवून काढायचं. उरलेली पट्टी म्हणजे मायक्रोस्ट्रिप, आणि पट्टीच्या टोकाला एक आयत ठेवला की झाला पॅच अँटेना. या पट्टीची कल्पना १९५२ मध्ये अमेरिकेत ग्रीग आणि एंगलमन यांनी मांडली. पुढच्याच वर्षी देशां यांनी तिच्यापासून अँटेना करता येईल असं सुचवलं. मग जवळजवळ वीस वर्षं फारसं काही घडलं नाही, कारण लहरी वाटेतच गिळून न टाकणारे चांगले बोर्ड नव्हते. सत्तरच्या दशकात मन्सन आणि हॉवेल यांनी ते प्रत्यक्षात आणलं. गरज होती रॉकेट आणि क्षेपणास्त्रांची. त्यांच्या अंगावर काडी उभी करून चालत नाही, तिथे कातडीसारखा चिकटणारा अँटेनाच हवा.

आता माझा आवडता भाग. हा आयत लहरी सोडतो कसा? तांब्याच्या पृष्ठभागातून सोडतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. लहरी सुटतात त्याच्या कडांमधून.

वाय-फायची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ धरू. हवेत या लहरीची लांबी सव्वाबारा सेंटिमीटर. बोर्डाच्या पोटात लहर जवळपास निम्म्या वेगाने चालते, म्हणून तिथे ती सहा सेंटिमीटरची होते. आयताची लांबी याच्या निम्मी, म्हणजे साधारण २९ मिलिमीटर ठेवली, की त्यात अर्धी लहर बरोबर मावते. एक टोक धन असतं तेव्हा दुसरं ऋण, आणि मधोमध शून्य. अगदी सी-सॉसारखं. टोकं वरखाली होतात, मधला खुंटा जागचा हलत नाही.

तांबं आणि ग्राउंड यांच्यामधलं विद्युतक्षेत्र सरळ उभं असतं, पण कडेशी ते जरा फुगून बाहेर डोकावतं, भाकरीच्या कडेला वाफ निसटते तसं. डावी कड धन असेल तर तिथलं क्षेत्र आयतातून निघून बाहेर, म्हणजे डावीकडे झुकतं. उजवी कड त्याच क्षणी ऋण असते. तिथे क्षेत्र बाहेरून आयताकडे येतं, म्हणजे तेही डावीकडेच झुकतं! दोन टोकांचे विद्युतभार विरुद्ध असूनही कडेबाहेरचे आडवे भाग एकाच दिशेचे. उभे भाग एकमेकांना खोडतात, आडवे भाग एकमेकांना जोर देतात, आणि बोर्डाच्या वरच्या दिशेला लहर निघते. उरलेल्या दोन बाजूंवर अर्धी कड धन आणि अर्धी ऋण असल्याने तिथला हिशोब आपोआप शून्य होतो. आयत दुप्पट लांब केला तर दोन्ही टोकं एकाच वेळी धन होतील, आडवे भाग समोरासमोर लढतील आणि बरोबर डोक्यावरच्या दिशेला काहीच जाणार नाही. अर्ध्या लहरीचा हट्ट त्यासाठी.

हे हाताने तपासता येतं. अँटेना व्हीएनए नावाच्या मोजयंत्राला जोडला की पडद्यावरच्या परत फिरणाऱ्या लहरीच्या आलेखात २.४५ पाशी एक खोल खळगा दिसतो, म्हणजे तिथे अँटेना लहर परत न फिरवता घेतो. आयताच्या लांबीच्या बरोबर मध्यावर, आडव्या रेषेत कुठेही, पेन्सिलीचं टोक टेकवा, खळगा जागचा हलत नाही. तेच टोक कडेला नेलं की तो सरकतो, उथळ होतो. विद्यार्थ्यांना हे दाखवताना मला अजूनही गंमत वाटते.

आणि त्या मसुरीएवढ्या ठिपक्याचं, म्हणजे केबल जोडायच्या जागेचं, काय? कडेला व्होल्टेज जास्त, प्रवाह नगण्य, म्हणून तिथला रोध दोन-अडीचशे ओहम. मध्यावर शून्य. जोडणारी केबल ५० ओहमची. रोध कडेकडून मध्याकडे कोसाइनच्या वर्गाने उतरतो. अडीचशेला ५० ने जुळवायचं तर कोसाइनचा वर्ग ०.२ हवा, म्हणजे कोन सुमारे ६३ अंश, म्हणजे कडेपासून जवळजवळ १० मिलिमीटर आत. (इथे कुणी दमलं असेल तर पुढे जा, एवढंच लक्षात ठेवा की ठिपक्याची जागा हिशोबाने ठरते.)

काकांच्या तुकड्यात फायबरऐवजी सिरॅमिक होतं. जीपीएसची लहर १९ सेंटिमीटरची, अर्धी केली तरी साडेनऊ. सिरॅमिकमध्ये ती चारपाच पटींनी आखडते आणि २५ मिलिमीटरमध्ये मावते. बदल्यात अँटेना फारच अरुंद पट्ट्यात चालतो, पण जीपीएसच्या नागरी संकेताला दोनच मेगाहर्ट्झ लागतात, त्यामुळे हा सौदा परवडतो.

याच पट्ट्यांपासून फिल्टरही करतात, म्हणजे नको त्या वारंवारतेच्या लहरी अडवणारी चाळणी. फिल्टरवाल्यांचं मागणं नेमकं उलटं असतं. अँटेनावाल्याला क्षेत्र निसटायला हवं, म्हणून त्याला जाड आणि लहरीला कमी आखडणारा बोर्ड प्रिय. फिल्टरवाल्याला एक थेंबही सांडायला नको, त्याला पातळ बोर्ड हवा. त्यांची एक युक्ती शाळेतल्या विज्ञानाला चक्रावून टाकते. मुख्य पट्टीला आडवी १७ मिलिमीटरची फांदी काढा, टोक मोकळं सोडा. शाळेत शिकलो की तुटलेल्या तारेतून प्रवाह जात नाही. पण २.४५ गिगाहर्ट्झची लहर त्या फांदीत शिरते, टोकावर आपटते, परत येते तोवर अर्धी लहर चाललेली असते आणि फाट्यावर मूळ व्होल्टेजला खोडते. म्हणजे कुठेही न जोडलेली फांदी शॉर्टसर्किटचं काम करते! ना कॉइल, ना कपॅसिटर. तांब्याचा आकार हाच पुर्जा. आणि अँटेनाचे पॅच रांगेत मांडले की मोठा अँटेना होतो. इस्रोच्या २०१२ च्या रिसॅट-१ उपग्रहावरचा ६ मीटर बाय २ मीटरचा सपाट रडार अँटेना याच जातीचा.

जाता जाता एक. मोबाइलच्या पाठीला चिकटवायची 'रेडिएशन शोषणारी' स्टिकरं अजून विकली जातात. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाने गायीच्या शेणाची चिपही आणली होती. समजा एखादं स्टिकर खरोखरच अँटेनासमोर अडथळा बनलं, तर टॉवरशी संपर्क टिकवायला फोन आपली शक्ती वाढवेल. आणि काही फरकच पडला नाही, तर पैसे कशाचे दिले? लावण्याआधी आणि लावल्यावर, असे दोन आलेख व्हीएनएवर काढायला पाच मिनिटं लागतात. पाकिटावर ते छापलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

सूत्रांनी सगळं सुटतं असंही समजू नका. एका विद्यार्थिनीने २८.८ मिलिमीटरचा पॅच अगदी नेटका कापून आणला. खळगा आला २.५१ वर. तिने दोन दिवस आकडेमोड तपासली. चूक तिची नव्हतीच. सूत्रात बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (बोर्डात लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) ४.४ धरला होता, दुकानातल्या तुकड्याचा निघाला ४.२ च्या आसपास. इथे एक मिलिमीटर म्हणजे साधारण ८० मेगाहर्ट्झ, आणि वाय-फायचा सगळा पट्टाच साडेत्र्याऐंशीचा. कापलेलं तांबं परत वाढवता येत नाही. म्हणून दुसरा पॅच तिने मुद्दाम ३० मिलिमीटरचा ठेवला. तो २.४१ वर आला. मग ब्लेडने एका कडेचं अर्धा मिलिमीटर तांबं खरवडलं, फुंकर मारली आणि पडद्याकडे बघितलं. २.४५.