शरीरघडणीतील जनुके आणि जीनोम

सजीवाच्या पेशीत असलेला सगळा आनुवंशिक मजकूर म्हणजे त्याचा जीनोम. हा मजकूर डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातल्या ज्या तुकड्यांवरून प्रथिन किंवा कामाचा आरएनए (डीएनएच्या तुकड्याची नक्कल असलेला रेणू) तयार होतो त्यांना जनुके म्हणतात. एका फलित अंड्यापासून पूर्ण देह कसा उभा राहतो हा भ्रूणविज्ञानाचा प्रश्न, आणि तो देह लाखो वर्षांत कसा पालटतो हा उत्क्रांतीचा. दोन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी एकाच जनुकांत सापडतात, हे १९८० नंतर स्पष्ट झाले. या अभ्यासाला उत्क्रांतिमूलक विकासजीवशास्त्र हे भारदस्त नाव आहे; प्रयोगशाळेत सगळे ‘इव्हो-डेव्हो’च म्हणतात. पुण्यात फळमाशी, हायड्रा आणि गहू यांच्या आधारे या विषयाच्या निरनिराळ्या अंगांवर काम झाले आहे.

‘विकास’ या शब्दाने इथे थोडा घोटाळा होतो. हिंदीत उत्क्रांतिवादालाच विकासवाद म्हणतात, आणि पुण्यात ‘विकास आराखडा’ म्हटले की महापालिका आणि रस्तारुंदी आठवते. म्हणून या नोंदीत भ्रूणापासून देह बनण्याच्या क्रियेला ‘घडण’ म्हटले आहे.

मजकूर किती, जनुके किती

‘खाण तशी माती’ ही म्हण आनुवंशिकतेबद्दल बरोबरच आहे, पण नाक नाकाच्याच जागी का उगवते हे ती सांगत नाही. स्नायूच्या आणि मेंदूच्या पेशीत जीनोम एकच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती वेळ चालू राहते यामुळे. ही चालू-बंद करणारी नियामक प्रथिनेही जनुकांवरूनच बनतात आणि डीएनएमधल्या ठराविक जागांवर जाऊन बसतात. या जागांना ‘स्विच’ म्हणणे सोयीचे आहे.

माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, पण प्रथिने बनवणारी जनुके जेमतेम २०,००० आणि त्यांतला प्रत्यक्ष प्रथिन ठरवणारा मजकूर दीड-दोन टक्के. चाकणच्या बाजारात पोत्यांनी येणाऱ्या कांद्याचा जीनोम सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, म्हणजे आपल्या पाचपट आहे. कांदा आपल्यापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे असे कुणी म्हणणार नाही. त्यातला बराचसा मजकूर स्वतःच्याच प्रती काढत पसरलेला आहे. तेव्हा जीनोमच्या लांबीवरून किंवा जनुकांच्या मोजणीवरून देहाचा अंदाज येत नाही. मेरी-क्लेअर किंग आणि अॅलन विल्सन यांनी १९७५ मध्ये माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिने ताडून पाहिली, तेव्हा ती इतकी सारखी निघाली की देहातला फरक जनुकांच्या नियमनात शोधावा लागेल, असे त्यांनी मांडले.

स्विचचे सर्वांत बोलके उदाहरण हातापायांचे आहे. ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक अवयवांची आणि बोटांची मांडणी ठरवते. हातापायांतला त्याचा स्विच जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरे दूर आहे. त्यातले एखादेच अक्षर बदलले तरी मूल सहा बोटांचे जन्मू शकते. सहाव्या बोटाला कुणी शुभ म्हणते, कुणी अशुभ. मुळात ती अशी एका अक्षराची चूक असू शकते. सापांमध्ये हा स्विच मोडकळीला आला आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदराचा स्विच काढून तिथे सापाचा बसवला, तर उंदराचे पाय खुंटले. अजगराच्या स्विचमध्ये गळालेली १७ अक्षरे परत घातल्यावर पाय पुन्हा नीट वाढले. अजगराला मागच्या पायांच्या खुणा म्हणून शेपटीकडे दोन बारीक नख्या असतात. कात्रजच्या सर्पोद्यानात कधी अजगर उलटा वळलेला दिसला तर जरूर शोधाव्यात.

माशीचे चार पंख

बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माश्यांना एकच. मागच्या जोडीच्या जागी माशीला सोट्याच्या आकाराचे दोन चिमुकले अवयव असतात, त्यांना हॉल्टिअर म्हणतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. एडवर्ड लुईस यांनी काही उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएच्या मजकुरातले बदल, एकत्र आणून हॉल्टिअरच्या जागीही पूर्ण पंख असलेली, म्हणजे चार पंखांची फळमाशी मिळवली. दोष ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ या जनुकाच्या नियमनात होता. लुईस, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्ट्राबायथोरॅक्स हे ‘हॉक्स’ कुळातले. या कुळातली जनुके शरीराच्या लांबीवर कुठे काय असावे ते ठरवतात. फळमाशीत ती ८ आहेत, माणसात ३९. प्रत्येकात १८० अक्षरांचा जवळजवळ सारखाच एक तुकडा असतो, त्याला होमिओबॉक्स म्हणतात. तो १९८३-८४ च्या सुमारास सापडला आणि माशी, उंदीर व माणूस यांच्या घडणीची हत्यारे एकाच पेटीतली आहेत हे उघड झाले.

पाषाण रस्त्यावरील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) एल. एस. शशिधर यांच्या गटाने याच जनुकाचा पुढचा प्रश्न हाती घेतला. मधमाशी आणि रेशीमकिडा यांच्या मागच्या पंखांतही अल्ट्राबायथोरॅक्स चालू असते, तरी तिथे पंखच बनतो, हॉल्टिअर बनत नाही. मग माशीत बदलले काय? खुद्द प्रथिनच बदलले असेल, अशी शंका पहिल्यांदा येते. पण मधमाशीचे किंवा रेशीमकिड्याचे अल्ट्राबायथोरॅक्स फळमाशीच्या पंखात जास्त प्रमाणात चालवले, तर तेही पंखाची वाढ दाबते. म्हणजे प्रथिनात ती धमक आधीपासूनच होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात तिन्ही कीटकांमध्ये हे प्रथिन डीएनएवर कुठे कुठे बसते तेही ताडून पाहिले. बहुतेक जागा ज्या त्या जातीच्या स्वतःच्या निघाल्या, पण पंख घडवणारी बरीच जनुके ३० कोटी वर्षांनंतरही तिन्हींत त्याच्या हाताखाली होती. त्यांतली पुष्कळशी माशीत पंख आणि हॉल्टिअर यांच्यात वेगळी वागतात. मधमाशीत आणि रेशीमकिड्यात मात्र पुढच्या-मागच्या पंखांत तसा फरक दिसत नाही.

पुणेकराला हे ढोल-ताशा पथकावरून पटकन कळेल. ताशावाला इशारा देतो आणि त्यावर ढोल पडतात. इथे ताशा जवळजवळ तोच राहिला. त्याच इशाऱ्यावर कोणत्या ढोलाने वाजायचे आणि कोणत्या ढोलाने थांबायचे, ते माशीच्या पथकात बदलले.

पुण्याच्या नावाचा हायड्रा

आघारकर संशोधन संस्था आगरकर रस्त्यावर आहे. नवख्याला हे सांगताना दोनदा सांगावे लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर आणि सुधारक गोपाळ गणेश आगरकर या दोन निराळ्या व्यक्ती. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९९२ मध्ये आघारकरांचे नाव मिळाले. इथे सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रावर दीर्घकाळ काम केले. प्रयोगासाठी वापरलेल्या स्थानिक हायड्राचे शास्त्रीय वर्णन ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावाने झाले आहे.

हायड्रा हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा नळीसारखा प्राणी. त्याचे डोके कापले तर दोन-तीन दिवसांत नवे येते. डोक्याच्या टोकाशी ‘विंट’ नावाची संदेश-प्रथिने तयार होतात आणि ‘डोके इकडे’ एवढाच निरोप देतात. हायड्राचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २०,००० जनुके निघाली. आकडा जवळपास माणसाएवढाच. हायड्राची आणि आपली वंशरेखा ६० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली, तरी घडणीची बहुतेक महत्त्वाची जनुकघराणी दोघांत आहेत. रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे व्हीईजीएफ हे प्रथिन या गटाला हायड्रात सापडले, आणि हायड्राला रक्तवाहिन्याच नाहीत. पाठ आणि चेतासंस्था घडवताना पृष्ठवंशीयांच्या भ्रूणात लागणारे ‘नॉगिन’ही त्यांनी हायड्रातून वेगळे केले. जपानी सहकाऱ्यांबरोबर त्याचा आरएनए बेडकाच्या भ्रूणात टोचला, तेव्हा भ्रूणात दुसरा देहाक्ष, म्हणजे डोके-पाठीची दुसरी रेषा, उमटला. पाठीचा कणा तर सोडाच, धड पाठही नसलेल्या प्राण्याचा संदेश बेडकाच्या पेशींनी बिनचूक वाचला. हे काम २०१० चे आहे.

खपली आणि लोकवन

वनस्पतींत नवी जनुके मिळवण्याची एक घाऊक पद्धत आहे: अख्खे जीनोम एकत्र करणे. खपली आणि बन्सी गव्हात २८ गुणसूत्रे असतात, म्हणजे दोन गवतांचे जीनोम. पोळीच्या लोकवनात ४२ असतात. शेतात उगवलेल्या २८ गुणसूत्री गव्हाशी एका रानगवताचा संकर झाला आणि तिसरा जीनोम आत आला. ही घटना सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वीची. त्यामुळे पोळीच्या गव्हात १ लाखाहून अधिक जनुके आहेत. प्रत्येकाच्या साधारण तीन-तीन प्रती. एक प्रत काम करते तोवर दुसरीला बदलायला मोकळीक मिळते.

खपली मळली तरी टरफल सुटत नाही, ती सडावी लागते. खिरीसाठी गहू सडणाऱ्या घरांत हे नव्याने सांगायला नको. बन्सी आणि लोकवन मात्र मळणीतच मोकळे होतात. याला मुख्यतः ‘क्यू’ नावाचे नियामक जनुक कारणीभूत आहे. त्यावर अंकुश ठेवणारा एक बारीक आरएनए जिथे बसतो तिथले एक अक्षर बदलले, अंकुश सैल झाला, क्यू जास्त चालू लागले. लोंबी आटोपशीर झाली आणि टरफलाची पकड सुटली. हा बदल शेतकऱ्याने हेरला असणार, कारण सडण्याचे कष्ट त्याच्या घरालाच पडत होते. आघारकर संस्थेच्या बारामती तालुक्यातील होळ येथील शेतावर गव्हाचे वाण तयार होतात. त्यांच्या नावातली ‘एमएसीएस’ ही अक्षरे संस्थेच्या जुन्या इंग्रजी नावाची आहेत. एमएसीएस २९७१ हा त्यांतला बुटका खपली वाण.

ऋतू, भ्रूण आणि इथर

जीनोम एकच असूनही देह दोन तऱ्हांचे होऊ शकतात. मेलॅनायटिस लेडा हे तपकिरी फुलपाखरू पुण्याच्या परिसरातही तिन्हीसांजेला उडताना दिसते. पावसाळी पिढीच्या पंखांवर खालच्या बाजूला ठसठशीत डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतली पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी दिसते आणि पाचोळ्यात हरवते. अळी वाढताना हवा कशी होती त्यावर हे ठरते. फुलपाखरांच्या अशा ठिपक्यांच्या घडणीत ‘डिस्टल-लेस’ हे जनुक भाग घेते, ज्याचे जुने काम कीटकांच्या पायांची टोके बनवणे हे आहे.

परिस्थिती आणि घडण यांचा हा मेळ कॉनराड वॉडिंग्टन यांनी जनुकांची रासायनिक ओळख पटण्यापूर्वीच मांडला होता. दऱ्यांच्या उतारावरून घरंगळणारा चेंडू जशी एकेक दरी निवडत जातो, तशी पेशी आपले भवितव्य निवडते, हे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. एडिंबरा येथे त्यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांची परंपरा रुजवली. घासकडबी यांचे सुरुवातीचे काम याच परंपरेतले.

वॉडिंग्टन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या नोंदीतल्या माशीशी येऊन भिडतो. फळमाशीच्या कोवळ्या अंड्यांना त्यांनी इथरची वाफ दिली. काही माश्यांत हॉल्टिअर पंखासारखे वाढले. तेवढ्याच माश्या निवडून त्यांनी पुढच्या पिढ्या वाढवल्या. वीसएक पिढ्यांनंतर इथर न देताही तशा माश्या निपजू लागल्या. इथरने जनुके बदलली असावीत असे वाटणे साहजिक होते. पण १९९६ मध्ये ग्रेग गिब्सन आणि डेव्हिड हॉगनेस यांनी इथरला मिळणाऱ्या या प्रतिसादाचा माग काढला, तेव्हा त्यातला मोठा वाटा अल्ट्राबायथोरॅक्स जनुकातच आधीपासून असलेल्या बारीकसारीक फरकांचा निघाला.