वास्तुकलेतील देहानुभव

इमारत डोळ्यांना कशी दिसते याइतकेच ती वापरणाऱ्याच्या पायांना, हातांना, कंबरेला, कानांना आणि कातडीला कशी जाणवते, याला महत्त्व देणारी वास्तुरचनेची विचारदृष्टी. उंबरठ्याची उंची, जिन्याचा चढ, फरशीचा गारवा, बोळातला आवाज, ओट्याशी उभे राहून भरून आलेली कंबर हे सारे तिच्या कक्षेत येते. शरीराची मापे घेणारी मानवमिती हा तिचा एक भाग आहे, पण तेवढ्यावर हा विषय संपत नाही. माणसाचे शरीर त्याच्या वयाने, कामाने, सवयींनी आणि समाजाने त्याला दिलेल्या जागेनेही घडलेले असते. सातवाहनकालीन लेण्यांपासून बारा मजली टॉवरपर्यंतचे नमुने नाशिक परिसरात थोड्या अंतरात पाहायला मिळतात. म्हणून या नोंदीतील बहुतेक उदाहरणे तिथली घेतली आहेत.

शरीर हेच माप

मीटर येण्याआधी बांधकामाची मापे अंगावरच होती. भारतीय वास्तुग्रंथांत ८ यवांचे १ अंगुळ आणि २४ अंगुळांचा १ हात धरतात. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीसाठी ‘पुरुष’ हे १२० अंगुळांचे माप येते, आणि अग्निचयनाच्या वेदीसाठी ते हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीवरून घेत. म्हणजे ज्याची वेदी, त्याचेच माप. विसाव्या शतकात ल कॉर्ब्युझिए याने ‘मोड्युलर’ ही मापपद्धती मांडली तेव्हा त्यानेही हात वर केलेला माणूसच घेतला, मात्र तो कुणी एक खराखुरा माणूस नव्हता. १८३ सेंमी. उंचीचा, हात वर केल्यावर २२६ सेंमी. भरणारा एक आदर्श पुरुष ठरवून त्याने सगळ्या मापांची मांडणी केली. ती चंदीगडच्या इमारतींतही वापरली गेली. सरासरी भारतीय पुरुष १८३ सेंमी.च्या आसपासही पोचत नाही, स्त्रियांची तर गोष्टच वेगळी. यजमानाच्या देहाकडून आदर्श देहाकडे झालेला हा प्रवास सोयीचा होता यात शंका नाही, कारण कारखान्यातून येणारे दार कुणा एकाच्या अंगावर बेतता येत नाही. पण या विषयातले निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

रोजच्या व्यवहारात मात्र जुनी मापे सुटलेली नाहीत. विहिरीची खोली आजही ‘परस’ या पुरुषभर मापात सांगतात. मिस्त्री खिडकीचा तळ ‘कंबरेला’ आणि गच्चीचा कठडा ‘छातीला’ घेतो. नाशिकमध्ये तर नदीही शरीरावर मोजली जाते. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते बातम्यांत येते, पण गावात विचारतात ते रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीबद्दल: पाणी गुडघ्याला लागले, कंबरेला, छातीला, की डोक्यावरून गेले? नदीकाठच्या दुकानदाराला माल वर हलवायचा की नाही, हे त्या उत्तरावरून कळते. पुराची खूण म्हणून रंगवलेल्या पट्टीपेक्षा हे माप पटकन उमगते, कारण कंबरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहणे म्हणजे काय हे प्रत्येकाच्या अंगाला ठाऊक असते.

वैचारिक पाया

या दृष्टीला तात्त्विक बैठक मिळाली ती युरोपातल्या अनुभवमीमांसेतून, म्हणजे जग प्रत्यक्ष अनुभवाला कसे येते याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानातून. मॉरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये असे मांडले, की शरीर ही जगातल्या इतर वस्तूंसारखी एक वस्तू नव्हे. जग आपल्याला कळते तेच शरीराच्या मार्फत. त्याचे आंधळ्याच्या काठीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सवय झाली की त्या माणसाला काठी हातात जाणवत नाही, काठीच्या टोकाशी रस्ता जाणवतो. येवल्यात पैठणीच्या खड्डामागावर पाय खाली सोडून बसलेल्या विणकराला पाहिले की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खड्डा, पायपट्ट्या आणि उजेडाची खिडकी हे तिघे मिळून त्याच्या बैठकीला जोडलेले असतात, आणि घराची ती खोली त्या बैठकीभोवतीच बसवलेली असते.

वास्तुकारांमध्ये फिनलंडच्या युहानी पल्लास्मा यांनी १९९० च्या दशकात छायाचित्रांसाठी घडवल्या जाणाऱ्या, केवळ डोळ्यांना खूश करणाऱ्या इमारतींवर टीका केली. त्यांच्याच देशातल्या आल्व्हार आल्टोने मात्र याआधी कितीतरी वर्षे ही गोष्ट बांधून दाखवली होती. १९३३ मध्ये पूर्ण झालेले पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालय त्याने पडून राहिलेल्या रुग्णाच्या बाजूने रचले: छताला डोळ्यांना सुखावणारा गडद रंग, दिवा नजरेत येणार नाही अशा जागी, आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून पाण्याचा आवाज न होणारी तिरकस बेसिने. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात उताणे पडून पंधरा मिनिटे छताची ट्यूबलाइट पाहिली, तर आल्टोने काय केले त्याची किंमत कळते.

त्रिरश्मी लेणी

शहराच्या दक्षिणेला मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात २४ बौद्ध लेणी आहेत, लोकांच्या तोंडी पांडवलेणी. ती साधारण इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत कोरली गेली. तिथे पोचायला डोंगर चढावा लागतो, आणि हा चढ अनुभवाचा भागच आहे. धाप लागलेली असते, पाठ घामाने भिजलेली असते, डोळे उन्हाने दिपलेले असतात, आणि त्या अवस्थेत माणूस व्हरांड्यात शिरतो. आतले काही क्षणभर दिसत नाही. पायांना गार दगड कळतो, कानांना स्वतःचा श्वास कळतो आणि मग हळूहळू भिंती दिसू लागतात. काळ्या बेसॉल्टचा डोंगरच भिंतीचे काम करीत असल्याने बाहेरच्या उन्हाचा आणि थंडीचा आत फारसा परिणाम होत नाही. वर्षावासासाठी पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना याहून मोठी सोय कोणती हवी?

लेणे क्र. ३ हा गौतमी बलश्रीने सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळात दिलेला विहार. मधल्या सभागृहाच्या तीन बाजूंना सलग दगडी बाक आणि त्यामागे भिक्षूंच्या १८ खोल्या आहेत. बाकावर टेकले की समोरच्या बाजूचे चेहरे दिसतात आणि खोलीत गेले की कुणीच दिसत नाही. एकत्र असणे आणि एकटे असणे यांतले अंतर दोन पावलांचे. बाहेरच्या दर्शनी भागात खाली यक्षांची शिल्पे आहेत. ते डोक्या-खांद्यांवर तुळयांची टोके पेलून उभे आहेत, जणू सगळा विहार पालखीसारखा उचलून धरला आहे. पाहणाऱ्याचे खांदे तो भार नकळत स्वतःवर घेतात. दगडाचे वजन हिशेबात सांगता येते, पण ते असे अंगावर आणून दाखवणे हे शिल्पकाराचे कसब.

क्र. १८ हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. त्याचे छत कमानदार आणि भिंती कठीण दगडाच्या असल्याने आवाज शोषला जात नाही, तो घुमत राहतो. तिथे भरभर बोलणाऱ्याचे शब्द एकमेकांवर चढतात. संथ, लांबवलेल्या सुरातले पठण मात्र भरून येते.

वाडा आणि ओटा

जुन्या नाशकातल्या वाड्यांत दिंडी दरवाजातून वाकून आत शिरावे लागते. न वाकणाऱ्याला चौकटीची वरची पट्टी आठवण करून देते. मग देवडीचा अंधार, पुढे चौकातला उजेड, ओसरी, माजघर अशी रचना. भिंतीच्या जाडीत बसवलेल्या जिन्याच्या पायऱ्या उभट असतात आणि आधाराला वरून सोडलेला दोर असतो. राहणाऱ्यांचे पाय त्या पायऱ्या अंधारातही बरोबर ओळखतात, पाहुण्याचा मात्र तोल जातो. फ्रान्सचा फ्रांस्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात जिन्यासाठी चालीवरून एक हिशेब मांडला होता: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज एका पावलाएवढी असावी. हल्ली ती ६० ते ६५ सेंमी. धरतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने घरगुती जिन्याच्या पायरीला १९ सेंमी. ही उंचीची कमाल मर्यादा आणि २५ सेंमी. ही रुंदीची किमान मर्यादा घातली आहे. वाड्यांतले अनेक जिने या परीक्षेत नापास होतील.

वाड्यांवर अलीकडे फार हळवे लिहिले जाते. चौकातला गारवा खरा, झोपाळा खरा, जाड भिंतींमुळे मे महिन्यातली दुपार सुसह्य होते हेही खरे. पण हे बहुतेक वर्णन ओसरीवर बसलेल्यांचे आहे. त्याच वाड्यात चुलीपाशी उकिडवे बसून डोळे चोळणाऱ्या, विहिरीचे पाणी शेंदून न्हाणीपर्यंत वाहणाऱ्या बाईला तो वाडा वेगळा जाणवत होता. देहानुभवाची भाषा बोलायची, तर ती दोघांच्याही वतीने बोलायला हवी.

चूल जाऊन उभ्याचा ओटा आला तो चाळी, फ्लॅट आणि गॅसबरोबर. उभ्याने, कमी पावलांत काम व्हावे म्हणून हालचाली मोजून आखलेल्या स्वयंपाकघराचा प्रसिद्ध नमुना म्हणजे मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की हिने १९२६ मध्ये रचलेले फ्रँकफर्ट स्वयंपाकघर. आपल्याकडे ओटा आला, पण त्याचे माप बहुधा पुरवठादाराकडून आले. कोपराच्या खाली १० ते १५ सेंमी. हा चिरण्या-ढवळण्याच्या कामाचा आडाखा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंमी.च्या आसपास धरली तर ओटा ३२ ते ३४ इंचांचा होतो. परदेशी मापाचा ३६ इंची ओटा तिला उंच पडतो. चिरताना ते खपून जाते. कणीक मळताना खपत नाही. तिथे तळहातावर अंगाचा भार द्यावा लागतो, आणि उंच ओट्यावर भार पडण्याऐवजी खांदेच कानांकडे चढतात. मग महागड्या मॉड्युलर किचनमध्ये परात सरळ फरशीवर येते आणि बाई मांडी घालून कणीक मळते. हे मागासलेपण नव्हे. तिच्या मनगटांनी ओट्याला दिलेला तो निकाल आहे.

कुणाचे शरीर

अनुभवमीमांसेवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की तिच्यातले ‘शरीर’ बहुधा धडधाकट, फुरसतीतल्या आणि कुठेही मज्जाव नसलेल्या पुरुषाचे असते. नाशिकमध्ये या आक्षेपाला पुस्तकी आधाराची गरज नाही. पंचवटीतले काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधवले. काळ्या दगडातले बांधकाम, खांबांचा सभामंडप, प्राकाराच्या आत एकदम शांत होणारा गोंगाट यांचे कौतुक रास्तच आहे. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेतून सुरू झालेल्या सत्याग्रहात हजारो माणसे याच मंदिराच्या बंद दारांपुढे बसली. त्यांच्या वाट्याला सभामंडपाचा गारवा नव्हता, बाहेरचे ऊन आणि दार होते. एकच भिंत आतल्याला आसरा देते आणि बाहेरच्याला अडवते. तेव्हा वास्तूचा अनुभव लिहिताना लिहिणारा दाराच्या कुठल्या बाजूला आहे, ते आधी पाहावे.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यापासून सार्वजनिक इमारतींत उतारमार्ग बंधनकारक आहेत. १ : १२ हे त्याचे रूढ प्रमाण. ४५ सेंमी. उंचीच्या जोत्याला ५.४ मी. लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा पार्किंगमधून सोडायची नसते, म्हणून दोन मीटरांत उतार उरकला जातो. त्यावरून स्कूटर चढते. चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येत नाही.

गर्दीतले शरीर

एकट्या माणसाला सोयीचा असलेला उतार गर्दीत घातक ठरू शकतो. प्रत्येक चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून जास्त माणसे झाली की चालणे स्वतःच्या हाती राहत नाही. मागून आलेला दाब लाटेसारखा पुढे सरकतो आणि श्वास कोंडतो. सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या सिंहस्थात नवे घाट बांधून गर्दी पांगवण्यावर भर होता. घाटाच्या पायरीचेही तसेच: ती ओल्या, अनवाणी आणि बहुधा म्हाताऱ्या पायांसाठी असते, त्यामुळे तिथे गुळगुळीत फरशी घालणे हा सौंदर्याचा नव्हे, हाडे मोडण्याचा प्रश्न आहे.

रचनेत वापर

प्रत्यक्ष कामात या दृष्टीची साधने साधी आहेत. ओट्याचे किंवा जिन्याचे प्लायवूडचे पूर्णाकृती नमुने करून पाहणे, वापरणाऱ्याबरोबर जुन्या घरात दिवस काढणे आणि जागेवर आखणी करून तिच्यात फिरणे. आखणीचा एक चकवा प्रत्येक साइटवर भेटतो. गंगापूर रोडला मोकळ्या प्लॉटवर फक्कीने लाइनआउट मारले की घरमालक बेडरूमच्या पांढऱ्या चौकोनात उभा राहतो आणि म्हणतो, “एवढीशीच खोली?” उघड्या आभाळाखाली डोळा तिची तुलना सगळ्या प्लॉटशी करीत असतो. भिंती छातीपर्यंत आल्या की तीच खोली बरी वाटते, स्लॅब पडल्यावर मोठी, आणि कपाट-पलंग आत गेल्यावर पुन्हा लहान. जाणते वास्तुकार म्हणून लाइनआउटच्या वेळी मालकाला नुसते उभे करीत नाहीत. पलंगाच्या मापाची चादर अंथरून तिच्याभोवती चालायला लावतात.

वापरात आल्यावर इमारतीची पाहणी करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत १९६० च्या दशकापासून रुळली. आपल्याकडे ताबा दिला की वास्तुकाराचा संबंध सहसा संपतो. तरी ती पाहणी रहिवासी आपल्या परीने करीतच असतात. नाशिकच्या सिडकोतल्या मूळच्या लहान घरांना लोकांनी बाहेरून जिने काढले, वर मजले चढवले, पुढे ओटे घातले. नव्या सोसायट्यांत पहिल्या वर्षभरातच ड्राय बाल्कनीला काच लागते, दाराबाहेर चपलांचे कपाट येते आणि न्हाणीघरात भिंतीला एक धरायची दांडी बसते.