‘धर्मादाय’ म्हटलं की पोकर कायदेशीर?

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये देणगीच्या कार्यक्रमांचा हंगाम आला की एक निरोप हमखास फिरतो: ‘पैसे धर्मादाय कामाला जाणार असतील, तर पोकर नाइट कुठल्याही राज्यात चालते.’

असं वाटणं साहजिक आहे. हेतू चांगला, खेळणारे ओळखीचे. पण तिथे जुगाराचे नियम मुख्यतः राज्यं ठरवतात, आणि चांगला हेतू ही आपोआप मिळणारी सूट नव्हे. राज्याच्या कायद्यात तसा अपवाद लिहिलेला असावा लागतो.

कॅलिफोर्नियात तो आहे, पण अटी वाचल्या की डोळे उघडतात. आधी नोंदणी करायची. एका संस्थेला वर्षातून एकच कार्यक्रम. जमलेल्या रकमेतला किमान ९० टक्के वाटा धर्मादाय कामाला. विजेत्याला रोख बक्षीस नाहीच! टेक्सासमध्ये संस्थांसाठी बिंगोला (आपली हाऊझी) १९८० साली आणि रॅफलला (तिकिटं विकून काढायची बक्षिसाची सोडत) १९८९ साली मतदारांनी घटनादुरुस्तीतून वाट करून दिली. पोकर त्यात नाही. युटा आणि हवाईत तर धर्मादाय जुगारालाही मुभा नाही.

पडताळणी अवघड नाही. राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘चॅरिटेबल गेमिंग’ शोधा. बिंगो किंवा रॅफलचा उल्लेख पाहून थांबू नका, पोकरचं नाव आहे का ते बघा. मग परवाना आणि बक्षिसाची मर्यादा. नाव नसेल तर वाट एकच, कायदा बदलून घेण्याची: आपल्या भागाच्या आमदाराला पत्र, विधेयक, समितीपुढे म्हणणं. वेळखाऊ आहे, पण तोवर पत्ते कपाटातच बरे.