पार्श्वभूमी: अमेरिकेतला हृदयरोगतज्ज्ञ पगारदार कसा झाला

ओपीडीत रुग्ण पाहायचे, इको (ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं चित्र) आणि स्ट्रेस टेस्ट वाचायच्या, कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, जायचं नाही. असं काम करणारा अमेरिकेतला हृदयरोगतज्ज्ञ आज बहुधा रुग्णालयाच्या नोकरीत असतो. वीस वर्षांपूर्वी तो बहुतेक वेळा चारचौघांच्या भागीदारीतल्या दवाखान्याचा मालक असे.

चित्रं वाचणाऱ्या या शाखेचं मूळ १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला सापडतं. डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी जहाजांच्या कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधणारं ध्वनियंत्र उसनं आणलं आणि हृदयावर लावलं; तोच पहिला इको. १९७७ मध्ये झुरिकला डॉक्टर ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी उघडली आणि पुढे या धंद्यात वाटण्या झाल्या: काही जण नळी घालणारे, बाकीचे चित्र वाचणारे.

चित्र वाचणाऱ्यांचा दवाखाना चाले तो तपासण्यांवर. नुसतं रुग्ण पाहण्याचे पैसे बेताचेच, यंत्राचे हप्ते आणि टेक्निशियनचे पगार भागायचे इको अन् न्यूक्लिअर स्कॅनमधून (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेलं हृदयाचं चित्र). मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने, २०१०च्या दरपत्रकात घाव घातला तो नेमका इथेच. दवाखान्यातल्या न्यूक्लिअर स्कॅनचा दर सुमारे एक तृतीयांशाने उतरला. हृदयरोगतज्ज्ञांची संघटना कोर्टात गेली, पण हाती काही लागलं नाही.

रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागाचं दरपत्रक मात्र वेगळं, आणि चढं. मग दवाखाने रुग्णालयांना विकले गेले. डॉक्टर तेच, मशीन तेच, खोलीही तीच. दारावर रुग्णालयाची पाटी लागली आणि त्याच इकोचं बिल वाढलं. रुग्णाच्या हाती दोन बिलं पडू लागली, एक डॉक्टरांचं आणि एक जागेचं. याला वैद्यकीय कारण काहीही नव्हतं. २ नोव्हेंबर २०१५च्या कायद्याने रुग्णालयाच्या आवारापासून दूर नव्याने थाटलेल्या केंद्रांची ही चढ्या दराची सवलत काढली. जुनी बरीचशी वाचली.

नोकरीतला पगार मोजला जातो तो आरव्हीयूत (रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट), म्हणजे १९९२ पासून मेडिकेअर वापरत असलेल्या कामाच्या मापात. पूर्ण इको वाचायला सुमारे दीड आरव्हीयू, आणि जुन्या रुग्णाच्या अर्ध्या तासाच्या भेटीलाही २०२० पर्यंत दीडच होता. २०२१ मध्ये ती भेट १.९२ वर गेली. ओपीडीवाल्यांना हायसं वाटलं. काही रुग्णालयांनी मात्र पगाराच्या हिशेबाला २०२०चंच कोष्टक धरून ठेवलं.