बॉयलरवरचे दोन थर्मोस्टॅट: नियंत्रणाचा आणि मर्यादेचा

गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंतच्या ज्या हॉटेलांमध्ये खोल्यांना आणि धुलाईघराला गरम पाणी देण्यासाठी गॅस बॉयलर बसवलेला असतो, तिथे बॉयलरच्या अंगावर बहुधा एकसारखे दिसणारे दोन थर्मोस्टॅट सापडतात. दोघांनाही पाण्यात बुडवलेला बल्ब (तापमान जाणणारी, द्रव भरलेली छोटी कुपी) आणि बारीक नळी असते आणि दोघेही तापमान वाढले की बर्नर बंद करतात. त्यामुळे दुसरा थर्मोस्टॅट म्हणजे पहिल्याचा राखीव जोडीदार, असा समज सर्रास आढळतो. तो धोक्याचा आहे.

नियंत्रण थर्मोस्टॅट रोजचे काम करतो. तो 70 अंशांवर लावला, तर पाणी तेवढे तापल्यावर संपर्क तोडतो आणि काही अंश निवल्यावर आपोआप पुन्हा जोडतो. लिमिट थर्मोस्टॅट मात्र त्याहून बऱ्याच वरच्या, बहुधा 95 ते 100 अंशांच्या आसपासच्या बिंदूवर कायम केलेला असतो. तो एकदा ट्रिप झाला की पाणी थंड झाल्यावरही, माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत तुटलेलाच राहतो.

मोठा फरक बिघाडाच्या वेळी दिसतो. साध्या नियंत्रण थर्मोस्टॅटची नळी फुटून आतला द्रव गळाला, तर त्याला पाणी सदैव थंडच भासते आणि बर्नर पेटता राहतो. चांगल्या प्रतीच्या लिमिटची रचना उलट असते, म्हणजे द्रव गळाला की संपर्क तुटतो. म्हणूनच एकाच बल्बवर दोन्ही कामे सोपवता येत नाहीत.

वायरिंगमध्ये लिमिटचा संपर्क गॅस व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या फेजच्या वाटेवर एकसर जोडणीत असला पाहिजे. तो न्यूट्रलवर घातला आणि व्हॉल्व्हची कॉइल व संपर्क यांच्यामधली तार कुठे बॉडीला टेकली, तर प्रवाह अर्थिंगमधून पूर्ण होऊन संपर्क तुटलेला असतानाही व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलांवर हिरवट गंज चढतो आणि इन्सुलेशन लवकर खराब होते, त्यामुळे किनाऱ्यावर ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बॉयलर कोणत्या मोडमध्ये, म्हणजे कोणत्या पद्धतीने चालवला जातो, याचा संबंध इथेच येतो. पॅनलवरचा हँड-ऑटो स्विच हँडवर नेला की नियंत्रण थर्मोस्टॅट वगळला जाऊ शकतो. दोन टप्प्यांच्या बर्नरमध्ये लो आणि हाय यांसाठी वेगवेगळे संपर्क असतात. मॉड्युलेटिंग, म्हणजे ज्योत हवी तशी कमी-जास्त करणाऱ्या बर्नरमध्ये तर नियंत्रणाचे काम बऱ्याचदा 0 ते 10 व्होल्टचा संकेत करतो. यांपैकी कोणताही मोड निवडला, तरी लिमिटची तार मोड निवडण्याच्या स्विचच्या पलीकडे, सर्व वाटा एकत्र झाल्यानंतर यायला हवी.

पावसाळ्यात वीज अचानक गेली की बर्नर थांबतो, पण त्याबरोबर पंपही थांबतो आणि उष्णता-विनिमयकात साठलेली धग तिथल्याच पाण्यात उतरते, म्हणून लिमिट ट्रिप होतो. सकाळी पर्यटकांना गरम पाणी मिळत नाही, मग कुणीतरी लिमिटवर जंपर (त्याची दोन टोके थेट जोडणारी तार) टाकून बॉयलर ‘डायरेक्ट’ करतो आणि तो जंपर तसाच राहून जातो. हे अत्यंत घातक आहे. असे वारंवार होत असेल, तर पंपाला जनरेटर किंवा इन्व्हर्टरचा आधार द्यावा. शिवाय बर्नर थांबल्यावरही पंप काही मिनिटे चालेल अशी स्वतंत्र जोडणी करावी, म्हणजे वीज असताना होणाऱ्या अशा ट्रिपही टळतात. लिमिटचे लॅचिंग (ट्रिप झाल्यावर तुटलेल्या स्थितीत अडकून राहणे) यांत्रिकच असावे, कारण ते केवळ रिलेच्या होल्डिंगवर, म्हणजे विजेवर टिकणाऱ्या स्थितीवर सोपवले, तर वीज जाऊन आल्यावर ट्रिप झाल्याची खूणही पुसली जाऊ शकते.

जोडणी तपासायची असेल, तर जाणकार तंत्रज्ञाने वीज बंद करून लिमिटची एक तार सोडवावी, तिचे टोक इन्सुलेट करावे आणि वीज परत देऊन हँड, ऑटो, लो, हाय असा प्रत्येक मोड लावून पाहावा. बर्नर एकाही मोडमध्ये पेटता कामा नये. पेटलाच, तर गॅसचा कॉक बंद करून पॅनल दुरुस्त होईपर्यंत तो बॉयलर वापरू नये.