उजवा हात आणि एक पाय: घरी नेण्यापूर्वीची तपासणी

इंदूरच्या कुठल्याही प्रसूतिगृहात सुट्टी मिळण्याच्या दिवशी दृश्य साधारण सारखेच असते. बाळ दूध ओढत असते, शी-शू व्यवस्थित होत असते, डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकलेले असतात आणि तिकडे रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या घरी आजीने बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची सोय करून ठेवलेली असते. अशा सर्व बाजूंनी निरोगी दिसणाऱ्या दर १०,००० बाळांपैकी साधारण सहा बाळांच्या हृदयात असा दोष असतो, की पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत शस्त्रक्रिया वा तत्सम उपचार न झाल्यास ते दगावू शकते. हा दोष वेळेत ओळखण्याचा एक सोपा उपाय म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दोन ठिकाणी मोजणे.

दोष जन्मापासून असूनही बाळ निरोगी कसे दिसते, याचे उत्तर गर्भातील रक्ताभिसरणात आहे. गर्भाला ऑक्सिजन वारेतून मिळतो आणि फुप्फुसांचे काम सुरू झालेले नसते. त्यामुळे फुप्फुसाकडे निघालेले बहुतेक रक्त एका आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत, म्हणजे हृदयातून सर्व अंगाला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, वळवले जाते. या वाहिनीला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागले की ती आकसू लागते आणि निरोगी बाळात साधारण दोन-तीन दिवसांत बंद होते. मात्र ज्या बाळाची फुप्फुसाकडे जाणारी वाट जन्मतःच बंद आहे किंवा ज्याच्या हृदयाचा डावा भाग खुरटलेला आहे, त्याच्यासाठी हीच वाहिनी जीवनाचा आधार असते. ती उघडी आहे तोवर बाळ हसते-खेळते. ती मिटली की काही तासांत परिस्थिती पालटते. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, अशी आपल्याकडची समजूत आहे; या बाळांच्या बाबतीत निर्णायक घटना बहुधा त्याआधीच घडून गेलेली असते आणि तेव्हा बाळ घरी असते.

बाळ निळे पडले तर दिसेलच की, असे अनेकांना वाटते. या समजुतीवर मात्र अजिबात विसंबू नये. नवजात बाळाचे हातपाय पहिल्या दिवशी निळसर असणे स्वाभाविक असते, आणि उलट ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घटूनही ओठ गुलाबी वाटू शकतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मलेल्या बाळांची चित्रफीत अनुभवी डॉक्टर-परिचारिकांना दाखवून बाळ कधी गुलाबी वाटते, हे विचारण्यात आले. त्यांना बाळ गुलाबी वाटले, तेव्हाची ऑक्सिजनची पातळी सरासरी अवघी ६९ टक्के होती. सावळ्या कातडीवर ही पारख आणखी अवघड होते, हे वेगळे सांगायला नको.

डोळ्यांची ही उणीव रक्तातील ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर भरून काढतो. करोनाच्या साथीत हे यंत्र घरोघरी पोहोचले, पण त्यामागची कल्पना १९७० च्या दशकात जपानमधील अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडली. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यासरशी कमी-जास्त होणारा प्रकाशच तेवढा हिशेबात धरला, की कातडी आणि हाड यांचा वाटा बाजूला पडून धमनीतील रक्ताचा अंदाज मिळतो. बोटाला लावायचा घरगुती चिमटा मात्र बाळासाठी उपयोगाचा नाही. त्यासाठी तळहाताला किंवा तळपायाला गुंडाळायची मऊ पट्टी लागते.

मोजणी उजव्या हातावर आणि कोणत्याही एका पायावर करतात. उजव्या हाताकडे जाणारी धमनी महाधमनीतून त्या वाहिनीच्या आधी फुटते, तर पायाकडे जाणारे रक्त वाहिनीच्या पुढून जाते. म्हणूनच दोन आकड्यांतील फरकही काही सांगून जातो: पायाचा आकडा हातापेक्षा बराच कमी असेल, तर अशुद्ध रक्त वाहिनीतून खालच्या अंगात मिसळत असल्याची शंका घेतात. डावा हात वाहिनीच्या जवळ पडत असल्यामुळे टाळतात. दोन्ही ठिकाणी ९५ टक्के किंवा अधिक आणि फरक तीन टक्क्यांच्या आत असल्यास बाळ उत्तीर्ण; कुठेही ९० च्या खाली असल्यास लगेच तपास; मधल्या आकड्यांत तासाभराने पुन्हा मोजणी. सगळे मिळून काही मिनिटांचे काम आहे, फक्त बाळ शांत, जागे आणि उबदार हवे. माळव्यातल्या पौषातल्या थंडीत गार पडलेल्या तळपायावर यंत्राला नाडीच सापडत नाही, तेव्हा आधी पाय पांघरुणात घेऊन ऊब आणावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या इंदूरला हेच आकडे जसेच्या तसे लागू पडतात. ते बदलण्याचा प्रश्न उंच डोंगराळ गावांत येतो.

वेळेचे गणित जरा नाजूक आहे. पहिल्या २४ तासांच्या आत मोजल्यास रक्ताभिसरणाची घडी बसलेली नसल्यामुळे निरोगी बाळेही कितीतरी अधिक संख्येने नापास होतात, आणि फार उशीर केला तर वाहिनी मिटून गेलेली असते. साध्या बाळंतपणानंतर एका दिवसातच घरी सोडा, असा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी, असे मला वाटते.

अमेरिकेने २०११ साली ही चाचणी सर्व नवजात बाळांसाठी सुचवली आणि राज्यांनी ती एकेक करून सक्तीची केली. सक्ती झालेल्या राज्यांत या दोषांमुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे. नापास झाल्यावर पुढे इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते आणि वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सुरू ठेवत बाळाला हृदयशस्त्रक्रियेच्या केंद्रात न्यावे लागते. हा रस्ता झाबुआ-अलीराजपूरच्या बाळासाठी शब्दशः लांबचा असतो. नुसती यंत्रे वाटून भागणार नाही, ते यामुळेच.

वर सांगितलेल्या दर १०,००० बाळांमागच्या सहांपैकी पाच बाळे या चाचणीत सापडतात आणि एक निसटते. सोबत चौदा बाळे हृदय ठीक असूनही नापास होतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग असतो, म्हणजे तो तपासही वाया जात नाही. निसटणाऱ्यांत मुख्यतः महाधमनी एका जागी अरुंद असलेली बाळे असतात, कारण त्यांच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा असू शकतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी जांघेतील नाडी बोटांनी चाचपणे आजही आवश्यक आहे, आणि घरी गेल्यावर बाळ दूध पिताना दमते का, धापा टाकते का, त्याच्या कपाळाला घाम सुटतो का, याकडे लक्ष ठेवावे लागते. शेगडीने तापलेल्या खोलीत तो घाम उकाड्याच्या खात्यावर सहज जमा होतो.